उसवता येतो, तो बूट!

दुकानात शिरल्या शिरल्या बुटाच्या चकाकीवर भाळणारं गिऱ्हाईक विक्रेत्याला फार आवडतं. मुरलेला शौकीन बूट हातात घेतो आणि आधी उलटा करून तळ बघतो. वरची चकाकी दोन रुपयांच्या पॉलिशनंही येते. हा बूट झिजल्यावर उसवून पुन्हा शिवता येईल का, हे तळ सांगतो. उंची चामडी बुटांची सगळी कुळकथा या एका प्रश्नाभोवती फिरते. त्या कथेत बुडालेलं जहाज आहे, घोड्याचा पुठ्ठा आहे, एक पोप आहे, एक राणी आहे आणि चक्क गणितसुद्धा आहे. चला, लेस घट्ट करा.

पॉलिश केलं, अमर झाला

१८३८ साली लुई दागेर यानं पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला. फोटोत रस्ता ओस दिसतो. त्या काळी एक चित्र टिपायला काही मिनिटं लागायची. तेवढ्यात घोडागाड्या आणि माणसं पुढं सरकली आणि चित्रातून पुसली गेली. उरला एक गृहस्थ, डावीकडच्या कोपऱ्यात, एक पाय वर ठेवून उभा. तो बुटाला पॉलिश करून घेत होता! माणूस दिसणारा, आज माहीत असलेला सर्वांत जुना फोटो तो हाच. नाव मात्र ना त्या साहेबाचं कुणाला ठाऊक, ना पॉलिशवाल्याचं.

साडेपाच हजार वर्षं जुना, आणि आत गवत

आर्मेनियातल्या अरेनी गुहेत २००८ साली एक चामडी बूट सापडला. उजव्या पायाचा, गाईच्या कातड्याच्या एकाच तुकड्यातून बेतलेला, चामड्याच्या वादीनं बांधायचा. वय सुमारे ५,५०० वर्षं. मेंढ्यांच्या लेंड्यांच्या जाड थरानं त्याला हवा-पाण्यापासून जपलं होतं. आत गवत कोंबलेलं होतं. पायाला ऊब मिळावी म्हणून की बुटाचा आकार टिकावा म्हणून, यावर संशोधकांनाही पक्कं काही सांगता आलं नाही. दुसरं उत्तर खरं असेल, तर आज शौकीन मंडळी बुटात घालतात त्या सीडर लाकडाच्या ‘शू-ट्री’चा हा खापरपणजोबा.

डावा-उजवा एकच!

सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात बहुतेक बूट दोन्ही पायांचे सारखेच असत. उंच टाचांची फॅशन आली आणि प्रत्येक मापाचे डावे-उजवे वेगळे लाकडी साचे कोरणं कारागिरांना परवडेना. मग सरळसोट साच्यावर बूट बनायचा आणि पायानंच हळूहळू त्याला वळण लावायचं. एकोणिसाव्या शतकात डाव्या-उजव्याचा भेद पुन्हा रूढ झाला, तेव्हा कित्येक बोटांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असेल.

माप जवाच्या दाण्यात

आपण आठ नंबर, नऊ नंबर म्हणतो ती इंग्लंडची मापं. दोन नंबरांत फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. हे माप आलं जवाच्या दाण्यावरून: तीन दाणे लांबीत ओळीनं मांडले की एक इंच. हसू नका, आपल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आठ जवांची रुंदी म्हणजे एक अंगुल. युरोपातल्या ४१-४२ नंबरांत मात्र दोन मापांमधलं अंतर दोन तृतीयांश सेंटिमीटर. म्हणून दोन्ही पद्धतींचा मेळ कोष्टकात कधीच चपखल बसत नाही आणि ऑनलाइन मागवलेला बूट हमखास परत जातो.

बापाचं रबर, लेकाची शिलाई

महागड्या बुटांच्या जाहिरातीत ‘गुडइयर वेल्ट’ हे शब्द दिसले की अनेकांना टायर आठवतो. नातं आहे, पण वळसा घालून. रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधणारा अमेरिकन चार्ल्स गुडइयर १८६० मध्ये कर्जात बुडून वारला. टायरची कंपनी १८९८ साली निघाली. तिनं त्याचं फक्त नाव घेतलं. बुटाच्या शिलाईचं यंत्र मात्र त्याच्या मुलानं, धाकट्या चार्ल्स गुडइयरनं, १८७० च्या दशकात बाजारात रुजवलं.

या शिलाईची गंमत जवळून बघण्यासारखी आहे. बुटाचं वरचं चामडं लाकडी साच्यावर ताणून बसवतात. आतल्या तळाला खालून एक उभी कड असते. ती कड, वरचं चामडं आणि बाहेरून भोवती फिरवलेली चामड्याची अरुंद पट्टी असं तिन्ही एका टाक्यात शिवतात. ही पट्टी म्हणजे वेल्ट. मधे राहिलेल्या पोकळीत बुचाचा लगदा भरतात. वापरता वापरता तो तुमच्या तळव्याचा ठसा घेतो. मग खालचा जाड सोल त्या पट्टीला दुसऱ्या टाक्यानं शिवतात. सोल झिजला? दुसरा टाका उसवा, नवा सोल लावा. वरच्या चामड्याला सुईचं टोकही लागत नाही. चिकटवलेल्या बुटाचा सोल सुटला की पुन्हा गोंद लावून दिवस ढकलायचे. वेल्टवाल्या बुटाचा दुसरा जन्म तिथून सुरू होतो.

पन्नास जोडांचे सातशे

लाकडी साच्यावर चामडं ताणून बसवणं हे बुटांच्या कारखान्यातलं सर्वांत नाजूक काम. अमेरिकेतल्या लिन गावात ते फक्त मोजक्या कारागिरांना जमे. एक जण दिवसाला फार तर पन्नास जोड उरकायचा. मग सुरिनाममध्ये जन्मलेला यान मॅट्झेलिगर नावाचा कृष्णवर्णीय तरुण तिथं आला. दिवसा कारखान्यात राबून त्यानं हेच काम करणारं यंत्र जुळवलं. त्याचे आराखडे इतके गुंतागुंतीचे होते, की पेटंट कार्यालयानं यंत्र डोळ्यांनी बघायला माणूस पाठवला. २० मार्च १८८३ ला पेटंट मिळालं. यंत्र दिवसाला दीडशे ते सातशे जोड काढू लागलं आणि बूट सामान्यांच्या आवाक्यात आले. मॅट्झेलिगर मात्र १८८९ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, क्षयानं गेला. अमेरिकेनं त्याच्या नावाचं टपाल तिकीट काढलं ते १९९१ मध्ये.

चांभारांचा फुटबॉल संघ

इंग्लंडमधलं नॉर्दम्प्टन म्हणजे बुटांची पंढरी. तिथल्या फुटबॉल संघाला चाहते प्रेमानं ‘कॉब्लर्स’ म्हणतात. ट्रिकर्स (१८२९), चर्चेस (१८७३), क्रॉकेट अँड जोन्स (१८७९), एडवर्ड ग्रीन (१८९०) ही शौकिनांच्या तोंडी असलेली नावं याच गावाची. एक जोड कारखान्यातून बाहेर पडायला साधारण आठ आठवडे लागतात. त्यातला बराच वेळ बूट साच्यावर नुसता बसून असतो. चामड्याला आकार लक्षात ठेवायला वेळ लागतो.

यातल्या ‘चर्चेस’ला १९९९ मध्ये इटलीच्या प्राडानं विकत घेतलं. हो, तीच प्राडा, जिच्या जून २०२५ मधल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. टीका झाल्यावर ही प्रेरणा भारतीय चपलांची असल्याचं कंपनीनं कबूल केलं.

इंग्लिश बूट आणि कोल्हापुरी चप्पल यांच्यात आणखी एक भाऊबंदकी आहे: झाडाची साल. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या कॉलिटन गावी एक जुनी टॅनरी आजही ओकच्या सालीच्या पाण्यात कातडी मुरवते आणि सोलचं जाड चामडं तयार व्हायला वर्षभराहून जास्त काळ घेते.

समुद्राच्या तळाचं चामडं

डिसेंबर १७८६. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गहून इटलीच्या जिनोव्हाकडं निघालेलं ‘मेटा कॅथरिना’ हे जहाज वादळात इंग्लंडच्या प्लिमथजवळ बुडालं. पोटात अंबाडीसारख्या तागाचा माल आणि रेनडियरच्या कातड्यांचे गठ्ठे. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडलं. लाकूड कुजलेलं, पण चिखलात रुतलेल्या गठ्ठ्यांतली कित्येक कातडी धुतल्यावर वापरण्याजोगी निघाली! रशियन कारागीर ती विलोच्या सालीत कमावून बर्च झाडाचं तेल पाजायचे. ती कृती पुढं लोप पावली होती. मग काय, लंडनच्या नामांकित कारागिरांनी त्या कातड्यांचे बूट शिवले. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ पाण्यात राहिलेलं चामडं पायात घालणारे हे शौकीन आपले बूट पावसात भिजू नयेत म्हणून मात्र डोळ्यांत तेल घालून जपतात.

घोड्याच्या पुठ्ठ्याला सोन्याचा भाव

‘शेल कॉर्डोव्हन’ हे नाव ऐकलं की संग्राहकांचे डोळे लकाकतात. घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या कातडीत दडलेला हा घट्ट तंतूंचा थर. एका घोड्यातून दोनच अंडाकृती तुकडे मिळतात, म्हणून जोडाची किंमत डोळे पांढरे करते. शिकागोची हॉर्विन टॅनरी (स्थापना १९०५) ते तयार करायला सहा महिने घेते. हीच टॅनरी अमेरिकन फुटबॉलच्या चेंडूंचं चामडंही पुरवते. साधं वासराचं चामडं वाकलं की त्यावर बारीक सुरकुत्या पडतात. कॉर्डोव्हनवर गुळगुळीत लाटा उमटतात. त्या दाबून बसवायला काही शौकीन हरणाचं हाड घासतात. पॉलिश थोडं, ब्रश भरपूर, हा त्याचा मंत्र.

तपकिरी बूट, नोकरी हुकली

लेसच्या पट्ट्या खालून बंद शिवलेल्या असल्या तर ऑक्सफर्ड, वरून मोकळ्या असल्या तर डर्बी. पाय जाड आणि पाऊल उंच असेल तर डर्बी घ्या. भोकांची नक्षी असेल तर ब्रोग. आयर्लंड-स्कॉटलंडच्या दलदलीत बुटातलं पाणी निथळावं म्हणून ही भोकं पाडत. आता ती आरपार नसतात, फक्त मिरवतात.

रंगाचं राजकारण याहून कडक. ‘गावाकडं तपकिरी, शहरात काळा’ हा लंडनच्या पेढ्यांचा अलिखित नियम. २०१६ साली ब्रिटनच्या सामाजिक गतिशीलता आयोगाच्या अहवालात नोंद झाली, की गुंतवणूक बँकांच्या मुलाखतींत सुटावर तपकिरी बूट घालून आलेल्या हुशार मुलांचीही छाप कमी पडते. चूक इतकीच, की हा नियम त्यांना घरात कुणी सांगितलेला नसतो.

लेसचं त्रैराशिक

बुटाला दोन्ही बाजूंना सहा-सहा भोकं आहेत. प्रत्येक भोकातून लेस एकदाच ओवायची, क्रम आणि दिशा हवी तशी. किती प्रकार होतील? सुमारे दोन लाख कोटी! बर्कार्ड पोल्स्टर या गणितज्ञानं २००२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं, की सर्वांत घट्ट बसतात त्या आपल्या नेहमीच्या दोन पद्धती: फुलीची आणि आडव्या सरळ पट्ट्यांची. म्हणजे गणित न येताही आपण बरोबरच होतो.

आणि बांधलेली लेस का सुटते? कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये धावत्या बुटाचं चित्रीकरण केलं. टाच आपटली की गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सातपट धक्का बसून ती सैल होते आणि झुलणारी टोकं तिला ओढून सोडतात.

राणीचे बूट आधी दुसरीच्या पायात

नवा बूट चावतो हे राजा-रंक दोघांनाही चुकलेलं नाही. पण दुसऱ्या एलिझाबेथ राणीकडं उपाय होता. तिची पोशाख-सहायक अँजेला केली हिचा पाय राणीच्याच मापाचा. राणीचे नवे बूट आधी तीच घालून फिरवायची. २०१९ च्या पुस्तकात तिनं ते स्वतः सांगितलं. आपल्याकडं अशी सोय नसल्यामुळं नियम असा: बूट संध्याकाळी खरेदी करा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. जो मोजा घालणार तोच घालून बघा. पहिले काही दिवस घरातच तासभर मिरवा, जिने चढा-उतरा.

आरशाची चमक: कशी येते?

मेलबर्नमध्ये विल्यम रॅम्सेनं १९०६ साली पॉलिशची डबी काढली आणि न्यूझीलंडच्या बायकोच्या मानासाठी तिला ‘किवी’ नाव दिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘चेरी ब्लॉसम’ आलं. एक न उडणारा पक्षी आणि एक फुलांचा बहर, दोघांनी मिळून भारतातल्या शाळकरी पोरांच्या बोटांचे शेंडे पिढ्यान् पिढ्या काळे केले.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांच्या बुटांवर चेहरा दिसतो तो जादूनं नव्हे. जुना सुती कपडा दोन बोटांना घट्ट गुंडाळा. मेणाचं पॉलिश नखाएवढं घ्या, बुटाच्या टोकावर छोट्या गोल फेऱ्या मारा. थर सुकला की कपड्यावर पाण्याचा एकच थेंब, पुन्हा किंचित पॉलिश, पुन्हा फेऱ्या. पॉलिशमधलं द्रावण उडून जातं, मेण चामड्याच्या छिद्रांत आणि खळग्यांत बसतं. पाण्यामुळं कपडा आधीचा थर ओढून काढत नाही. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश विखुरत नाही, सरळ परततो. घाई केली की मेण धुरकटतं. आणि हे फक्त टोकाला आणि टाचेला. बूट जिथं वाकतो तिथं मेणाचा थर तडकतो. तिथं पोषणाचं क्रीम लावा.

या कलेची जागतिक स्पर्धाही भरते. लंडनमध्ये २०१७ साली पहिला विजेता ठरला टोकियोचा युया हासेगावा. त्यानं धंद्याला सुरुवात रस्त्यावर बसून केली होती. पॅरिसच्या बर्लुटी या बूटपेढीच्या चाहत्यांची तर एक मंडळीच आहे; ती शेवटचा हात शॅम्पेननं मारते. आपल्याकडं मोसंबीच्या रसाचा प्रयोग करू नये, मुंग्या लागतील.

पोप, अभिनेता आणि सोन्याची टाच

सोळावे बेनेडिक्ट पोप लाल बुटांमुळं इतके गाजले, की ‘एस्क्वायर’ मासिकानं २००७ मध्ये त्यांना त्याबद्दल गौरवलं. बूट प्राडाचे असल्याची अफवा होती. ते शिवले होते इटलीतल्या नोव्हाराच्या एका कारागिरानं. निवृत्तीनंतर त्यांनी मेक्सिकोच्या लेओन गावचे तपकिरी लोफर पसंत केले.

तीन ऑस्कर मिळवणारा डॅनिअल डे-लुईस नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अभिनय सोडून फ्लॉरेन्सला स्टेफानो बेमर या कारागिराच्या हाताखाली बूट शिवायला शिकत बसला होता.

आणि लंडनचा जॉन लॉब. ऑस्ट्रेलियातल्या खाणकामगारांसाठी त्यानं पोकळ टाचेचे बूट बनवले. आत काय ठेवायचं? सापडलेलं सोनं.

आमचे पत्ते

उंची बूट म्हणजे परदेशच, असं नाही. आग्र्याची हिंग की मंडी, नावात हिंग असली तरी बुटांची बाजारपेठ. तामिळनाडूतलं अंबूर बिर्याणीइतकंच चामड्यासाठी ख्यात. कोलकात्याच्या बेंटिंक स्ट्रीटवर हक्का चिनी कारागिरांची दुकानं. मुंबईत धारावीचं चामड्याचं मार्केट आणि कुर्ला-चेंबूरकडची ठक्कर बाप्पा कॉलनी. तिथल्या माळ्यांवर आरी, रापी आणि हातोडी दिवसभर चालू असते. आणि चेन्नईत १९४८ पासून चामडं संशोधनाची केंद्रीय संस्था.

हजार जोड आणि बुरशी

फिलिपिन्सच्या इमेल्डा मार्कोस १९८६ साली देश सोडून पळाल्या, तेव्हा राजवाड्यात हजाराहून जास्त जोड मागे राहिले. काही मारिकिना गावच्या बूट-संग्रहालयात गेले, काही राष्ट्रीय संग्रहालयाच्या खोक्यांत. २०१२ मध्ये ती खोकी उघडली, तर वाळवी आणि बुरशीनं कपड्या-बुटांवर ताव मारलेला.

कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळा काढलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. कपाटात ठेवलेल्या बुटांवर आषाढात पांढरी लव उगवते. म्हणून बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सुती पिशवीत ठेवा. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर काही तासांनी बदला. पण उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, चामडं कडक होऊन तडकतं. बुरशी दिसली तर पाणी आणि व्हिनेगर सम प्रमाणात घेऊन कपड्यानं पुसा, सावलीत वाळवा, मग क्रीम लावा. आणि एकच जोड रोज घालू नका: घामानं ओलावलेलं अस्तर सुकायला निदान एक दिवसाची सुट्टी द्या. दोन जोड आलटून पालटून वापरले तर ते दुपटीहून जास्त टिकतात, असं मुरलेले लोक सांगतात.

राजाचं ठिगळ

ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स हवे तितके नवे बूट घेऊ शकतात. तरी युवराज असल्यापासून त्यांच्या पायातल्या बुटांवर चामड्याचं ठिगळ छायाचित्रांत अनेकदा दिसलेलं आहे. जोडे झिजवणं आपल्याकडं सरकारी कचेरीसाठी राखीव. तिकडं झिजवून पुन्हा शिवलेला जोड ही प्रतिष्ठा.

तेव्हा पुढच्या खरेदीला बूट उलटा करा. सोलच्या कडेनं टाके दिसतात का बघा आणि ते खरे आहेत की साच्यात उमटवलेली नक्षी आहे, हे नखानं चाचपा. मग सरळ विचारा, ‘सोल बदलून मिळेल का?’ विक्रेता हसून म्हणाला, ‘साहेब, या बुटाला दुरुस्तीची गरजच पडणार नाही,’ तर समजून जा: दुरुस्ती होणारच नाही.